न विचारता चारठाणा

नकाशे काढायचं सॉफ्टवेअर शिकायला आम्हा गावोगावच्या मास्तरांना परभणीत बोलावलं होतं. पहिल्याच दिवशी मी उभं राहून सांगितलं की मला याची गरज नाही. या जिल्ह्यातला दगड न् दगड मला ओळखतो. काही तर उठून रामराम करतात.

शिकवणाऱ्या मॅडम पुण्याच्या. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग रविवारी आम्हाला चारठाण्याची जुनी देवळं दाखवा. नकाशा बघायचा नाही, कुणाला वाट विचारायची नाही."

"विचारली तर अख्ख्या वर्गाला माझ्या शेतात हुरडा," मी म्हणालो. "नाही विचारली तर तुम्ही फळ्यावर लिहायचं, सरांचं डोकं सॉफ्टवेअरपेक्षा भारी."

चारठाण्याला मी उभ्या जन्मात गेलो नव्हतो. पण शर्त लागली की माझ्या अंगात बारा बैलांचं बळ येतं.

रविवारी जीपमध्ये आम्ही असे ठासून बसलो की इकडून दार लावलं की तिकडून एक मास्तर बाहेर पडायचा. पाथरीला दर्शन झालं, आणि पुढे सेलूची वाट कोणती इथेच माझं घोडं अडलं. पण आपल्या भागाची एक खोड मला ठाऊक होती. वाट विचारली तर माणूस डोकं खाजवतो. चुकीची सांगितली तर तोंडातली तंबाखू थुंकून धावत येतो. मी पानवाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात ड्रायव्हरला म्हणालो, "घ्या मागं. सेलू मागंच राहिलं."

"कोन म्हनलं?" पानवाला ओट्यावरून उतरलाच. "सरळ जावा की वो!"

देवगाव फाट्यावरही तेच. चहा पिता पिता मी जाहीर केलं, "चारठाणा डावीकडं."

"डावीकडं मंठा लागतंय, काका. उजवीकडं वळा."

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. "हे विचारणंच झालं."

"मी सांगायलोय, मॅडम. लोक मधे बोलतात त्याला मी काय करू?"

चारठाण्याच्या शिवेवर पोचलो तेव्हा फळ्यावरची अक्षरं मला दिसायला लागली होती. पारावर एक म्हातारा बसला होता. त्याच्या मिशा एवढ्या मोठ्या, की तो मिशांना टेकूनच बसला असावा. मी म्हणालो, "देवळं त्या नाल्यापल्याड."

"हाव," म्हातारा म्हणाला. "पल्याडच हायत."

पल्याड नुसती तूर. परत आलो.

"नाल्यापल्याड कुठली? टेकडीवर हायत," मी म्हणालो.

"टेकडीवरच हायत. लय उंच."

टेकडीवर चार शेळ्या. पुन्हा पारापाशी आलो. ऊन उतरायला लागलेलं, जीपमध्ये मास्तर तोंडात रुमाल कोंबून बसलेले. मी शेवटचा हुकमी पत्ता टाकला. "या गावात देवळंच न्हाईत."

म्हाताऱ्याने मिशीवरून हात फिरवला. "न्हाईत बघा. व्हती, पर गेली कुटं तरी."

जीप हसून हसून एका चाकावर आली. आपल्याहून पोचलेला माणूस भेटला की हात जोडावेत. मी खाली उतरलो. "बाबा, देवळं कुठं हायत?"

"ही काय, पाराच्या मागं," म्हातारा म्हणाला. "आदीच इचारायचं की."

आणि काय देवळं होती ती! खांबांवरचं कोरीव काम असं की आमचे मास्तर एकेका खांबाला प्रदक्षिणा घालायला लागले. मॅडमचा मोबाइल तर कढत झाला, एवढे फोटो.

पुढच्या रविवारी हुरडा ठरला. मी आगटी पेटवून, कणसं निखाऱ्यात घालून बसलो होतो. फोन वाजला. मॅडम होत्या. "सर, फाट्यावर उभे आहोत. तुमच्या शेताची वाट नकाशात नाहीच. डावीकडे वळायचं ना?"

मी निखाऱ्यावर फुंकर घातली. मिशी नाही, म्हणून नुसत्याच ओठावरून हात फिरवला.

"हाव," मी म्हणालो. "डावीकडंच असंल."