मोज्यातला शेक

रविवारी दुपारी बायको अंगाला शेक घेते. शहाडहून येणाऱ्या भाजीवालीकडचा निर्गुडीचा पाला, ओवा आणि जाडं मीठ एका मऊ सुती फडक्यात बांधून ती पुरचुंडी तव्यावर गरम करायची. डोंबिवलीतल्या आमच्या दोन खोल्यांत हाच तिचा स्पा. पुरचुंडी बांधायचं आणि पाठीवर फिरवायचं काम माझं.

एका रविवारी ते फडकं मी सकाळीच स्कूटर पुसायला वापरलेलं. कबूल करायचा धीर होईना, म्हणून पाला माझ्या सुती मोज्यात भरला, गाठ मारली आणि ती डोळे मिटून पालथी झाल्यावर शेकायला लागलो.

"आज मस्त लागतंय रे. पुरचुंडी लवकर गार होत नाहीये," ती म्हणाली.

हे कौतुक मला सोसेना. मी मोज्याचं सांगून टाकलं. तिने मान वळवून मोज्याकडे नीट पाहिलं.

"धुतलेला आहे ना?"

आठवडाभर आखडलेले तिचे खांदे नुकते कुठे सैल झाले होते.

"म्हणजे काय," मी म्हणालो, आणि शेकत राहिलो.

तो मोजा मी शुक्रवारी ऑफिसला घालून गेलेलो. आता ती दर रविवारी मोजाच मागते. मी नवाकोरा काढून देतो, पण शुक्रवारचं अजून सांगितलेलं नाही.