मला तर नीट दिसतंय

नवा टीव्ही भिंतीवर चढला तेव्हा मे महिना होता आणि माझे वडील, अप्पा, घरी होते. अप्पा शाळेची बस चालवतात, त्यामुळे शाळांना सुट्टी लागली की त्यांनाही सुट्टी. जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये ते महिनाभर बनियनवर बसून असतात, कूलरसमोर. जुना टीव्ही एप्रिलमध्ये बंद पडला आणि त्यांचा दिवस जाईना, म्हणून मी म्हटलं, नवा मी घेते.

निवडलाही मीच. तीन आठवडे मोबाइलवर लोकांचे अभिप्राय वाचले. अप्पांचं म्हणणं होतं की दुकानात जाऊ, चालू करून बघू, मग घेऊ. "फोटोत काय कळतंय? वस्तू बघून घ्यावी की." मी सांगितलं की हा ऑनलाइनच मिळतो. ते पूर्ण खरं नव्हतं. दुकानात गेलं की सेल्समन बोलायला लागतो, आपल्याला प्रश्न विचारावे लागतात, भाव पाडायला लागतो. मला ते जमत नाही. इंग्रजी शाळेत शिकले म्हणजे मी कुणाशीही धडाधड बोलेन असं घरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात मी तिथे दोन भाषांमध्ये गप्प राहायला शिकले.

टीव्ही बसवायला आलेल्या माणसाने जाताना बजावलं की स्क्रीनला हात लावायचा नाही, ओलं फडकं तर अजिबात नाही. अव्वा, म्हणजे माझी आई, पूजेचं ताट घेऊन उभीच होती. आमच्या लिंगायत घरात कुठलीही नवी वस्तू भस्म लावल्याशिवाय चालू होत नाही. फ्रिजला लावलंय, मिक्सरला लावलंय, माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपलाही लावलंय. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी अप्पांच्या बसला लागतं. आता स्क्रीनला हात लावायचा नाही म्हटल्यावर अव्वा जागा शोधायला लागली. खालच्या काळ्या कडेला, बरोबर मधोमध, नखाएवढा एक उंचवटा होता.

"हे बघ, कपाळ सापडलं," असं म्हणून तिने ओल्या भस्माची तीन बोटं त्यावरून ओढली आणि मध्ये कुंकू टेकवलं.

"आता टीव्ही पण आपल्यातलाच झाला," अप्पा म्हणाले. "त्याला एक लिंग पण बांध गळ्यात."

"तुमच्या जिभेला काय हाड हाय का?" अव्वा म्हणाली, पण हसत होती.

संध्याकाळी आम्ही तिघं बसलो. बातम्या लागल्या. अप्पा थोडा वेळ बघत राहिले, मग मान जरा पुढे काढून म्हणाले, "अंधुक वाटतंय का गं?"

वाटत होतं. उन्हातून घरात आल्यावर पहिली दोन मिनिटं सगळं जसं दिसतं, तसं चित्र होतं. निवेदिकेचे केस आणि मागची भिंत एकच झाली होती. त्या तीन आठवड्यांत वाचलेलं सगळं मला एकदम आठवलं. आता ते म्हणणार की बघून घ्यावा म्हटलं होतं की. तसं ते म्हणालेही नसते कदाचित. पण मी थांबले नाही.

"मला तर नीट दिसतंय," मी म्हटलं.

अव्वाला विचारण्यात अर्थ नव्हता. ती एरवीही मालिका बघत नाही, ऐकते. स्वयंपाकघरातून.

"असंल मग," अप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते भाजी आणायला गेल्यावर मी सेटिंग्जमध्ये शिरले. ब्राइटनेस होता तो शंभरावर नेला. चित्र किंचित उजळलं, पण नुसतं किंचित. टीव्ही परत करायला दहा दिवस होते. परत करायचा तर कारण लिहावं लागणार, माणूस न्यायला येणार, तो अप्पांसमोर विचारणार की काय बिघाड आहे. मी रोज ॲपवरचं परतीचं पान उघडायची आणि बंद करायची. दहावा दिवस तसाच गेला.

सोमवारी अव्वाची पूजा मोठी असते. देव, उंबरा, फ्रिज आणि आता टीव्ही, सगळ्यांना ताजं भस्म. जुनं ती पुसत नाही. भस्म पुसायचं नसतं, ते आपोआप जातं, असं तिचं म्हणणं. दुसऱ्या सोमवारनंतर मला वाटलं की चित्र आणखी काळं झालंय. तिसऱ्या सोमवारनंतर शंका उरली नाही. आणि मी बघितलं की अप्पांनी खुर्ची पुढे ओढली आहे.

फार नाही, हातभर. मग आणखी हातभर.

"ह्याचा शर्ट निळा हाय का काळा?" एका दुपारी त्यांनी विचारलं. कुठल्याशा जुन्या सिनेमातली मारामारी चालू होती.

मला काळा दिसत होता. पण त्यांनी निळा आधी म्हटला होता, म्हणजे तो निळा असावा असं त्यांना वाटत असणार. "निळा," मी म्हटलं.

रिमोट उचलून त्यांनी टीव्ही बंद केला आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. माझा लॅपटॉप हॉलच्या कोपऱ्यातल्या टेबलावर असतो, तिथून गॅलरी दिसते. अप्पांनी उजव्या हाताने उजवा डोळा झाकला आणि समोरच्या बिल्डिंगच्या टाकीकडे बघितलं. मग डावा झाकला. टाकीवर कंपनीचं नाव मोठ्या अक्षरांत आहे. ते पुटपुटत वाचत होते. मग खाली रस्त्यावर पाण्याचा टँकर वळला, तर त्याचा नंबर वाचायला ते कठड्यावर ओणवे झाले.

अप्पांना शुगर आहे, बरीच वर्षं. त्यांच्या मोठ्या बहिणीलाही होती, त्यांच्या अक्काला, म्हणजे माझ्या दुधनीच्या आत्याला. आत्याची नजर हळूहळू गेली. आधी ती म्हणायची की बल्ब मिणमिणता आहे, घरात उजेड कमी आहे. मुलांनी बल्ब बदलले, ट्यूब लावली. शेवटी कुणाच्या तरी लक्षात आलं. मी सातवीत असताना आम्ही गेलो, तेव्हा तिने दोन्ही हात पुढे करून माझा चेहरा चाचपला, नाक, कान, वेणी, आणि कन्नडमध्ये अप्पांना म्हणाली की मुलगी तुझ्यासारखी झाली. अप्पा तेव्हा बाहेर अंगणात निघून गेले होते.

म्हणजे अप्पांना काय वाटत असणार ते मला कळत होतं. उजेड कमी वाटतोय, आणि शेजारी बसलेली तरुण मुलगी म्हणते की मला नीट दिसतंय.

हे कळल्यावर त्याच क्षणी उठून सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. मी दुसरंच करत बसले: त्यांच्यावर नजर ठेवायला लागले. चहाचा कप उचलताना हात सरळ दांडीवर जातो का. पेपर किती लांब धरतात. एकदा त्यांना दरवाजाच्या कडेचा धक्का लागला आणि मी खुर्चीतून अर्धी उठले. कारण आता मला नवीनच भीती वाटत होती. टीव्ही अंधुक आहे हे खरं, पण म्हणून डोळे चांगले आहेत असं कुठे ठरतं? दोन्ही खरं असलं तर? मी खोटं बोलले आणि ते खरं निघालं तर?

स्कूटर त्यांनी संध्याकाळी बाहेर काढणं बंद केलं. "ट्रॅफिक लई असतंय," म्हणाले. चालत जायला लागले.

जूनच्या आधी शाळेला ड्रायव्हरचा डोळ्यांचा दाखला द्यावा लागतो. दरवर्षी अप्पा मेच्या मध्यावरच तो उरकून टाकतात. या वर्षी अव्वाने दोनदा आठवण करून दिली, दोन्हीदा ते म्हणाले, बघू की.

मग ती दुपार. मी कानाला हेडफोन लावून काम करत होते. खरं तर मीटिंग संपली होती आणि हेडफोनमध्ये काहीच चालू नव्हतं. मी पुष्कळदा असे नुसते लावून ठेवते, म्हणजे कुणी बोलत नाही. आत स्वयंपाकघरात अप्पा आणि अव्वा कन्नडमध्ये बोलायला लागले. मला बोलता येत नाही, पण समजतं सगळं. अप्पा म्हणत होते की या जूनपासून गाडी चालवणार नाही, शाळेला सांगून टाकतो. अव्वा म्हणाली की आधी डॉक्टरला तरी दाखवा. अप्पा म्हणाले, डॉक्टर काय सांगणार ते मला माहीत आहे, अक्काला सांगितलं तेच. पोरीला काही बोलू नकोस, घाबरेल.

मी त्याच बसमधून दहा वर्षं शाळेत गेले. ड्रायव्हरची मुलगी म्हणून फी अर्धी होती. सगळी मुलं त्यांना 'अंकल' म्हणायची. मी अंकल म्हणायची नाही आणि अप्पाही म्हणायची नाही. काहीच न म्हणता चढायची आणि तिसऱ्या सीटवर खिडकीशी बसायची. त्यांनी त्याबद्दल मला कधी विचारलं नाही. आरशात आमची नजरानजर झाली तर तेच आधी नजर काढून घ्यायचे.

त्या दुपारी मी हेडफोन काढले नाहीत. फोन करून तक्रार देण्याचंही धाडस झालं नाही, ॲपवर टाइप केली. 'पिक्चर डार्क.' त्याखाली लिहिलं, अर्जंट. पुढचा सगळा दिवस मी दाराच्या बेलची वाट बघत होते आणि ती वाजू नये असंही वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. पन्नाशीचा, चष्मेवाला, घामाघूम झालेला. अव्वाने त्याला पाणी दिलं.

"टीव्हीला काय झालंय?" अप्पांनी मला विचारलं. "नीट हाय म्हणत होतीस की."

मी रिमोट मेकॅनिकच्या हातात दिला.

मेकॅनिकने टीव्ही चालू केला, दोन पावलं मागे गेला, चष्मा वर सरकवला. "अम्मा, इत्ता अंधेरा? कैसा देखते जी तुम लोगां?" मग वाकून कडेजवळ तोंड नेलं. "आणि हे काय लावलंय हितं?"

"भस्म हाय," अव्वा म्हणाली. "पूजेचं."

"पूजेचं ठीक आहे, पण हा त्याचा डोळा आहे अम्मा. खोलीत उजेड किती आहे ते हा बघतो. ह्याला वाटतंय रात्र झाली, म्हणून चित्र पण अंधारं करतो." त्याने अव्वाकडे बघितलं. "मी पुसू का तुम्ही पुसता?"

अव्वाने पदराचं टोक ओलं केलं आणि पाया पडून पुसलं. चार सोमवारांचा थर होता, निघायला वेळ लागला. निघाला तसं चित्र उजळत गेलं, एकदम नाही, सावकाश, जसं कुणी पडदे बाजूला करावेत. मालिकेतल्या बाईच्या साडीचा काठ दिसला. मागच्या झाडाची पानं सुटी झाली.

मेकॅनिक सही घेऊन गेला. अव्वा देवाजवळ जाऊन काहीतरी पुटपुटत बसली. अप्पा उभेच होते.

"तुला अंधुक दिसत होतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कधीपासनं?"

"पहिल्या दिवसापासून."

"तो शर्ट?"

"मला काळा दिसला होता, अप्पा."

मला वाटलं ते ओरडतील. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. ते खुर्ची मागे, तिच्या जुन्या जागी नेऊन ठेवत म्हणाले, "चाळीस पोरं असत्यात गं गाडीत." मग, "उद्या डोळ्याच्या डॉक्टरकडं चल माझ्यासंगं."

दवाखान्यात त्यांना तक्त्यासमोर बसवलं तेव्हा मी मागच्या बाकावर होते. वरच्या ओळी त्यांनी भराभर वाचल्या. शेवटच्या ओळीवर ते अडखळले आणि सवयीने त्यांची मान माझ्याकडे वळली. मी पटकन खाली बघितलं. माझ्याकडून त्यांना आता काही कळायला नको होतं. त्यांनी परत समोर बघितलं आणि दोन अक्षरं सोडून बाकीची वाचली.

मग डोळ्यांत औषध घालून तासभर बसवलं, आत नेलं. मी आत्याचे हात आठवत बसले. बाहेर आल्यावर डॉक्टरीण बाई म्हणाल्या की दाखला देते, गाडी चालवायला सध्या हरकत नाही. पण शुगर कमी करा, डाव्या डोळ्यात अगदी सुरुवातीची खूण आहे, सहा महिन्यांनी परत दाखवा. अप्पांनी 'सध्या' हा शब्द ऐकला का ते मला कळलं नाही. मी ऐकला.

औषधामुळे बाहेरचं ऊन त्यांना सहन होईना. काळा चष्मा लावून ते माझ्या कोपराला धरून पायऱ्या उतरले, एकेक पायरी पायाने चाचपत. रिक्षापर्यंत वीस पावलं असतील. "पायरी संपली," मी सांगत होते, "आता दगड आहे, आता रिक्षा." त्यांनी एकदाही मला परत विचारलं नाही की खरंच का. मी सांगेन तिथे ते पाय टाकत होते. त्या वीस पावलांइतकी भीती मला आधी कधी वाटली नव्हती.

अव्वा म्हणते, बरं झालं, त्या निमित्ताने डोळे तरी दाखवले. मला तसं म्हणवत नाही.

आता शाळा सुरू आहे. अव्वा भस्म टीव्हीशेजारच्या भिंतीला लावते. चित्र इतकं लख्ख आहे की कधी कधी अप्पाच म्हणतात, जरा कमी कर. पण आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी ते मान पुढे काढतात आणि विचारतात, "अंधुक वाटतंय का गं?"

मी टेबलापासून उत्तर देत नाही. हेडफोन काढते, उठते, त्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसते आणि डोकं त्यांच्या डोक्याच्या उंचीला आणून बघते. मला जे दिसतं तेच सांगते. ते ऐकून घेतात, आणि मग दोघंही समोर बघत राहतो.