मिस्त्रीचा उजवा पाय

मिस्त्रीने एकतीस वर्षं बॉयलरच्या नळ्या बसवल्या. गुडघा फरशीवर टेकवायचा आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत उचलायचा नाही, असं ते काम. निवृत्त झाला तोवर उजवा गुडघा पार कामातून गेला होता.

तरी दर रविवारी सकाळी कारखान्याच्या मोटारसायकल पथकात सर्वांत पुढे तोच. अठरा गाड्या, दोन रांगा, मधे जेमतेम दोन हात. पथक चौकातून निघालं की दुकानदार गिऱ्हाईक सोडून दारात येत. एकतीस वर्षांत कारखान्यात त्याच्यासाठी कुणी मान वर केली नव्हती.

पथकाचा नियम एकच. रस्ता फक्त पहिल्याने बघायचा. बाकीच्यांनी पुढच्या माणसाचं चाक आणि त्याचा पाय बघायचा. मिस्त्रीने उजवा पाय बाहेर काढला म्हणजे उजवीकडे खड्डा. मग मागचा प्रत्येक जण पाय काढणार आणि डावीकडे सरकणार. विचारायचं नाही. विचार करेपर्यंत चाकात चाक गेलेलं असतं.

गुडघ्याचं दुखणं फक्त बायकोला ठाऊक होतं.

"अहो, सांगून टाका त्यांना. मागे चालवा."

"मागे? सतरा गाड्यांचा धूर खायला?"

"चप्पल घालताना भिंत धरता तुम्ही."

"गाडी बसून चालवतात."

"माझा भाऊ असतो तुमच्या मागे, एवढं लक्षात असू द्या."

तिचा धाकटा भाऊ रंगारी. डाव्या रांगेत, शेवटून दुसरा.

त्या रविवारी नदीकाठचा सरळ रस्ता होता. नवं डांबर, आरशासारखं. तिथेच गुडघा अडकला. हाडात खिळा ठोकावा तशी कळ आली आणि मिस्त्रीने उजवा पाय बाहेर लांब केला. दोन श्वास, फार तर तीन. तेवढ्यात सतरा गाड्या एकजीव होऊन डावीकडे सरकल्या. डावी रांग कडेच्या खडीवर गेली. पुढच्यांनी सावरलं. रंगाऱ्याचं चाक घसरलं आणि गाडी त्याच्या पायावर पडली.

त्याला दवाखान्यात पाठवल्यावर दोन नंबरला चालवणारा वायरमन रस्ता न्याहाळत मागे चालत गेला. परत येऊन म्हणाला, "मिस्त्री, खड्डा कुठाय?"

सगळे बघत होते. एका शब्दात सुटणारी गोष्ट होती.

"होता," मिस्त्री म्हणाला.

वायरमनने पुन्हा रस्त्याकडे पाहिलं. मग तोच म्हणाला, "दगड असेल. चाकाखालून उडाला असेल."

"असेलच," बाकीचे म्हणाले. पुढच्याच्या पायावर विश्वास नसेल तर उद्या गाडी चालवायची कशी? मग चूक मागच्याची. रंगाऱ्याने अंतर राखलं नाही, असं तिथल्या तिथे ठरलं. त्याची जागा कुणाला द्यायची तेही ठरलं.

संध्याकाळी मिस्त्री दवाखान्यात गेला. बायको आधीच येऊन भावाच्या उशाशी बसली होती. नडगी दोन ठिकाणी मोडलेली. शिडीवर उभं राहून पोट भरणारा माणूस. वर्षभर शिडी बंद, असं डॉक्टर म्हणाले होते.

"दाजी, माझंच चुकलं," रंगारी म्हणाला. "तुम्ही पाय काढलात, मी उशिरा वळलो. पथकाची लाज घालवली."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. रडून डोळे सुजले होते, पण आवाज कोरडा होता.

"सांगा ना त्याला. खड्डा केवढा होता?"

खरं सांगायचं तर हीच वेळ होती. दारात वायरमन उभा होता.

मिस्त्रीने दोन्ही हात वर केले, नळीचं माप दाखवावं तसे.

"एवढा. वीतभर खोल."

"बाप रे," रंगारी म्हणाला. "मग बरं झालं, दाजी. नाहीतर सगळेच गेलो असतो."