पाचही गोळ्या मधोमध

कॉलेजात आम्हा मुलींना रायफल शिकवणारे सुभेदार गेले. उभी हयात फौजेत काढलेला माणूस. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. तेराव्याला शेजारी बसलेली कुसुम डोळे पुसत म्हणाली, “पहिल्याच दिवशी माझ्या पाचही गोळ्या मधोमध लागल्या होत्या गं.”

मी चपापले. माझ्याही पाचही लागल्या होत्या! निशाणाचा कागद उस्तादांनीच लांबून आणून दाखवला होता. “शाब्बास पोरी, एकही वाया नाही!” तेव्हाची मी म्हणजे डोळे गच्च मिटून चाप ओढणारी भागूबाई. पण त्या दिवसापासून अशी काही ऐटीत चालू लागले, की त्याच तोऱ्यात परगावी एकटी नोकरीला गेले.

पलीकडच्या विमललाही विचारलं. तिच्याही पाच.

आम्ही तिघी हार घातलेल्या फोटोकडे संशयाने बघू लागलो. खिशाला टोकदार पेन्सिल होतीच.

“काकूंना विचार ना,” उस्तादांच्या बायकोकडे बघत कुसुम कुजबुजली.

“तूच विचार. तुझा नेम चांगला.”

कुणीच विचारलं नाही. आता मला संशय येतो तो त्या भागूबाईचाच. भोकं पेन्सिलीची असतील, तर पुढचं सगळं निभावलं ते तिनेच. आणि ती निभावेल, हे उस्तादांना आधीच ठाऊक होतं की काय?