अंगणातून मारलेली हाक

सोलापूर स्टेशनवर गाडी हलायच्या आधी अप्पा खिडकीशी आले. वाटलं, पुन्हा प्रार्थना करतील. घरी, एसटीत आणि फलाटावर करून झालीच होती. पण ते म्हणाले, "तितं गेल्यावर लोकांची दारं वाजवत फिरू नगं. अंगणात हुबा ऱ्हा आन् नाव घिऊन हाक मार. दार काय, पोलीसबी वाजवतोय की." कडक भाकरीची पिशवी आत सारत अव्वा, माझी आई, रडत होती आणि रडता रडता बजावत होती, "लई शाणपण करू नगं. येळेवर जेव."

अप्पा म्हणजे माझे वडील, कर्नाटकच्या सीमेवरच्या मैंदर्गीतल्या आमच्या लहानशा चर्चचे पाळक. रविवारी उपासना, आणि बाकीचे दिवस तिथंच गावातल्या सगळ्या पोरांची शिकवणी. पाढे मराठीत, रागावणं कन्नडमध्ये. एखादं पोर दिसलं नाही की अप्पा त्याच्या अंगणात हजर. "बसव्वा, पोरगं कुटं हाय?" हीच त्यांची घरभेट. कुणाची कडी वाजवताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. मी पाळक झालो तो हे बघत बघतच.

ज्या मुलखातून कधीकाळी आमच्याकडं मिशनरी आले, तिथं आता पाळक मिळेनात, म्हणून स्कॉटलंडमधल्या एका समुद्रकाठच्या गावानं मला बोलावलं. छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू? तिथं पोचल्यावर पाहिलं तर भलंमोठं दगडी चर्च आणि पुढच्या बाकांवर मूठभर म्हातारी माणसं. कमिटीनं सरळ सांगितलं: वर्षभर बघू, माणसं वाढली नाहीत तर इमारत विकू, तुम्ही परत जा. मी मनात म्हटलं, बघाच. मागचा हॉल रिकामा पडला होता. तिथं पोरांची शिकवणी सुरू करायची, हे मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं. पण पोरं यायची तर आधी घरं ओळखीची व्हायला हवीत.

म्हणून पहिल्याच आठवड्यात घरभेटीला निघालो. मार्गारेट नावाच्या एक आजी उपासनेला यायच्या बंद झाल्या होत्या. त्यांच्या घरापुढं रस्त्यात उभा राहिलो आणि मैंदर्गीच्या आवाजात हाक मारली, "मार्गारेट!" आजूबाजूचे पडदे हलले, त्यांचा हलला नाही. कमी ऐकू येत असेल, असं वाटून आणखी जोरात हाक दिली. थोड्या वेळानं पोलिसांची गाडी आली. त्या पोलिसानं फार अदबीनं माझी चौकशी केली आणि मग स्वतःच जाऊन मार्गारेटबाईंच्या दाराची बेल वाजवली. अप्पांचं म्हणणं शब्दशः खरं ठरलं.

कमिटीची बैठक बसली. "इथं आधी फोन करतात, मग बेल वाजवतात," असं मला समजावण्यात आलं. वर्षाची वाट कशाला बघायची, यांना आत्ताच परत पाठवू, असंही एक जण बोलला. शिकवणी सुरू व्हायच्या आधीच बुडणार होती, आणि अप्पांना तोंड कसं दाखवायचं? तेवढ्यात मार्गारेटबाई काठी टेकत आत आल्या. त्यांचं बोलणं मराठीत सांगतो: "नवरा गेल्यापासून माझं नाव कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं. पहिली हाक मला नीट ऐकू आली होती. दुसरी ऐकायची होती, म्हणून गप्प बसले. हे इथंच राहतील." बाई गणिताच्या निवृत्त शिक्षिका निघाल्या. हॉलची किल्ली त्यांनी तिथंच मागून घेतली.

आता संध्याकाळी हॉलमध्ये बसायला जागा नसते. मासळीच्या कारखान्यात कामाला आलेल्या पोलंडच्या लोकांची, केरळच्या नर्सबायांची, सीरियातून आलेल्या घरांतली पोरं येतात. मार्गारेटबाई अपूर्णांक शिकवतात, मी वाचन घेतो. पोरांच्या मागून त्यांचे आईबाप रविवारीही डोकावतात. इमारत विकायची भाषा बंद झाली. मी अजून रस्त्यातूनच हाक मारतो, फक्त आधी मेसेज टाकतो. लोक खिडकीत येऊन वाट बघतात.

गावी राहिलेले तुम्ही आणि माझ्यासारखे बाहेर पडलेले तुम्ही, दोघंही विचारता, तुझं घर आता कुठलं? माझ्या हाकेला जिथून ओ येते, ते माझं घर. अशी घरं आता दोन्हीकडं आहेत आणि त्याचा मला अभिमान आहे. पण मधे हे मीच विसरायला लागलो होतो.

यंदा नाताळ उरकून मैंदर्गीला गेलो. गाडीतून उतरलो, बॅगा पायरीवर ठेवल्या आणि तिकडच्या कचेऱ्यांत, दवाखान्यांत लागलेल्या सवयीनं दारावर टकटक केली. आतून अप्पांचा आवाज आला, "बघ गं, कोण दार वाजवतंय. आपल्यातलं कुणी न्हाय."

तसाच मागं फिरलो, अंगणाच्या मधोमध उभा राहिलो आणि "अव्वा" म्हणून अशी हाक मारली की शेजारची शेळी दचकून उठली. कडी निघायच्या आधीच अव्वा आतून रडायला लागली होती.

तिच्यामागून अप्पा भिंतीला धरत बाहेर आले. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "तू हाईस व्हय? मग मगाशी दार वाजवत हुता, त्यो कोण?"

"होता एक पाव्हणा," मी म्हटलं. "गेला."