शेपटीवाला जंतू आणि लोधीखेड्याचं व्याख्यान

लॅबमध्ये नमुने येतात, तपासले जातात आणि फेकले जातात. किस्से मात्र फेकता येत नाहीत, ते साचतात! पांढुर्ण्याच्या आमच्या पॅथॉलॉजी लॅबचे एकोणीस वर्षांचे किस्से माझ्या डायरीत आहेत, सुवाच्य अक्षरात. मायक्रोस्कोप मी पाहून-पाहून शिकलो; डिग्री नाही. अलीकडची पानं मात्र सगळी प्रणाली नावाच्या नव्या पोरीनंच खाल्ली आहेत.

*

प्रणाली लोधीखेड्याची, मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. पहिल्याच आठवड्यात बोरगावचा एक संत्रेवाला रक्ती आवेचा रिपोर्ट घ्यायला आला. "हा जंतू आतमंधी फिरते कसा जी?" असं त्यानं मला विचारलं. मला! उत्तर तिनं दिलं.

"दादा, याले सोताचे पाय नसतात. आतड्याच्या पेशीत घुसला का पेशीच्याच मालाची शेपटी मागं बांधते, अन् तिच्या धक्क्यानं थेट शेजारच्या पेशीत. बाहेर निघतच नाही, म्हणून रक्तातल्या पहारेकऱ्यायले दिसत नाही."

"म्हणजे बैल आपला, बंडी आपली, अन् चोर वर बसून राहिला!"

डॉक्टरसाहेब केबिनमधून म्हणाले, "व्वा!"

मला एकोणीस वर्षांत तीन 'व्वा' मिळाले. तारखा आहेत माझ्याकडे.

*

मग मीही त्या शेपटीच्या मागे लागलो. एका दुपारी ओरडलोच, "साहेब, या! शेपटी दिसून राहिली!"

साहेब आले, काउंटरवरच्या मंदाताई आल्या, दोन पेशंटही आले. प्रणाली माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "काका, डोळा मिचकावा बरं."

मिचकावला. शेपटीही हलली! माझ्याच पापणीचा केस होता तो.

"साध्या स्लाइडवर नाही दिसत ते," प्रणाली म्हणाली.

मंदाताई म्हणाल्या, "भाऊ, काजळ लावत जा. पुढच्या टायमाले ओळखू येईन!"

*

मंदाताईंच्या चहाचा पहिला कप एकोणीस वर्षं माझा होता. आता तो आधी प्रणालीच्या टेबलावर जातो. घरी बायकोला हे सगळं सांगितलं, शेपटीसकट.

"ते शेपटीचं पुन्हा सांगा बरं," ती म्हणाली. "मले तं पोरगी लय हुशार वाटून राहिली!"

*

लोधीखेड्याच्या शाळेत दरवर्षी जंतूंवर व्याख्यान असतं आणि दरवर्षी मीच जातो. वर्षातून एकदा मला कोणी 'सर' म्हणतं, ते तिथेच. यंदा साहेब म्हणाले, "दोघंही जा."

मी नऊ पानं लिहून नेली होती. चौथ्या पानावर मुलं जांभया देऊ लागली. मग प्रणाली उठली. बाकं जोडून घेतली, एका मुलीला जंतू केलं आणि वाटेत मॉनिटर पहाऱ्याला उभे केले. जंतू बाकांखालून सरकत शेवटच्या रांगेत पोचला, मॉनिटर वाटेतच उभे! वर्ग नुसता किंचाळत होता.

हेडमास्तरांनी तिला विचारलं, "याची गोडी कुठं लागली, मॅडम?"

"याच शाळेत, सर. सातवीत होती मी. लॅबमधून एकजण आले होते. मी विचारलं, अंगात पहारा असते तं जंतू सापडत कसा नाही? उत्तर भेटलं नाही. ते शोधता-शोधताच एम.एस्सी. झाली."

"कोण आलं होतं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "नाव आठवत नाही जी."

घरी येऊन जुन्या डायऱ्या काढल्या. पान सापडलं. सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'लोधीखेडा. व्याख्यान उत्तम झाले. सातवीतल्या एका पोरीने फालतू प्रश्न विचारला. खाली बसवली.'