बायकोचे मामा आणि न पाहिलेला भरल

जर्मनीतल्या बोब्लिंगेनमध्ये घर असूनही मनाने एकही दिवस चौदा हजार फुटांच्या खाली न उतरलेले गृहस्थ जगात एकच, ते म्हणजे माझ्या बायकोचे मामा. झिंडेलफिंगेनच्या मोटार कारखान्यात ब्रेक तपासण्यात त्यांचा जन्म गेला, पण जीव अडकलाय तो हिमालयातल्या स्पितीच्या कड्यांवर, भरल नावाच्या निळसर-करड्या रानटी जनावरात. प्रत्यक्ष एकही पाहिलेला नाही, पण बोलतील असे, की दोन-चार भरल नात्यातलेच असावेत. गणपतीच्या आरतीनंतर कुणी नवखा सापडला, की त्याच्या हातातला प्रसाद हातातच राहतो आणि मामा कडा चढू लागतात. एकदा एका पोराने विचारलं, "काका, इतकी वर्षं झाली, आता तुम्ही स्वतःला जर्मन समजता की भारतीय?" मामा शांतपणे म्हणाले, "अरे, भरल मेंढी की शेळी, ह्यावर शास्त्रज्ञांचं किती वर्षं एकमत होईना. त्याचं काही अडलं का? चरत राहिला बिचारा."

निवृत्त झाल्या झाल्या मामांनी जाहीर केलं, की डोळे मिटायच्या आत एकदा भरल बघायचाच, येत्या सप्टेंबरात. झाली तयारी सुरू. पाठीवर दहा किलो बासमतीची पिशवी बांधून रोज संध्याकाळी तीन मजल्यांचा जिना बारा वेळा वर-खाली. खालच्या जर्मन आजींनी इमारतीच्या ऑफिसात तक्रार केली. मामा कसले ऐकतात. आमच्याकडे जिना झाडायची आठवड्याची पाळी असते, तिला केअरवोखे म्हणतात. मामांनी सगळ्या बिऱ्हाडांच्या पाळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या. हातात झाडू असलेल्या माणसाला जिन्यावरून हाकलायची इथे कुणाची टाप आहे? आजी उलट केक आणून द्यायला लागल्या. मामी तेवढ्या वैतागल्या. "भात टाकायचा म्हटलं तर तांदूळ जिन्यावर," म्हणायच्या.

आणि ऑगस्टमध्ये गुडघा हा एवढा सुजला. डॉक्टरांनी साफ सांगितलं, यंदा डोंगर नाही. "आल्झो, म्हणजे जिन्यानेच घात केला," एवढंच मामा म्हणाले आणि तिकीट रद्द करून बसले. तीन आठवडे त्यांनी भरलाचं नाव काढलं नाही. इतकी वर्षं ज्या कथा चुकवायला मी स्वयंपाकघरात पळायचो, त्या ऐकू येईनात तेव्हा मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. खरं सांगायचं तर भीतीच वाटली.

एका सोमवारी रजा टाकून मी त्यांना जवळच्या प्राणिसंग्रहालयात नेलं. भरल तिथे नव्हता, पण त्याचा हिमालयातला भाऊबंद थार होता, मानेवर दाट केस मिरवणारा. मामा काठीवर रेलून बघत राहिले. एक पिल्लू खडकावर उडी मारायचं आणि घसरून खाली यायचं. मामांनी पाटी वाचली. "जावईबापू, ह्याची आई इथलीच, आजीही इथलीच. हिमालय पाहिलाय कुणी ह्यांच्यात? पण चढायचं सोडत नाही बघा." चौथ्या उडीला पिल्लू वर पोहोचलं. मामांचे डोळे भरून आले. त्यांनी तिथूनच डॉक्टरांकडे फोन लावला. "एप्रिलमधला टर्मिन, तपासायची वेळ, मिळेल का? हो, गेनाऊ, अगदी बरोबर, गुडघाच."

पुढच्या सप्टेंबरात मामा जातील की नाही, देव जाणे. गुडघा अजून कुरकुरतो, आणि वयही थांबत नाही. पण मी ऑफिसात त्या महिन्याची तीन आठवड्यांची रजा आत्ताच मंजूर करून घेतलीय. मामांना अजून सांगितलेलं नाही.